साडेतीन किलोचा शुक्रवार

विली तुस्कानो तुमचे कोण, हा प्रश्न मला दुबईत नाही नाही त्या माणसांनी विचारलाय. क्लिनिकच्या काउंटरवरची मुलगी, व्हिसाचे फॉर्म भरून देणारा टायपिंग सेंटरवाला, एकदा तर लिफ्टमध्ये भेटलेली एक अनोळखी बाई. ते वसईचे ख्रिश्चन, आम्ही संगमनेरचे. मी म्हणायचे, "शेअरिंग." इथल्या माणसाला तेवढं पुरतं. करामामध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट, एक खोली विलीभाऊ आणि अ‍ॅग्नेसची, एक आमची, हॉल आणि किचन सामाईक. सतरा वर्षं आम्ही एका फ्रिजवर काढली. सख्ख्या जावांना जमत नाही ते आम्हाला जमलं असं काही मी म्हणणार नाही. भांडायचो की! पण भांडून झालं तरी दोघींना उभं राहायचं त्याच ओट्याशी असायचं, मग किती वेळ तोंड फिरवून बसणार?

माझा डबे आणि केटरिंगचा धंदा. नवरा रुपेश डिलिव्हरी बघतो, मी स्वयंपाक आणि ओरडणं बघते. अ‍ॅग्नेस क्लिनिकमध्ये नर्स. शुक्रवारी सकाळी चर्चला मिस्साला जायची, तिथून थेट ड्युटीवर, आणि यायची तीन-साडेतीनला. जाताना दारात चप्पल घालता घालता ओरडायची, "सविता, माझं ताट झाकून ठेव!" मी आतून म्हणायचे, "नाही ठेवत, जा." आणि ठेवायचे. आमटी, भात, दोन भाकरी, वर दुसरं ताट उपडं. एवढाच आमचा करार.

आणि विलीभाऊ. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका उंच टॉवरच्या मेंटेनन्सला होते. लिफ्ट, पंप, एसी, सगळं. लिफ्टमध्ये शिरले की डोळे मिटून उभे राहायचे. लोकांना वाटायचं, म्हातारा झोपला. ते ऐकत असायचे. "चार नंबरचं बेअरिंग पंधरा दिवसांत बोंबलणार," म्हणायचे, आणि सोळाव्या दिवशी चार नंबर बंद. एरवी माणूस मुखदुर्बळ. मी दहा वाक्यं बोलले की त्यांचं एक, तेही "बरं वहिनी."

ते घड्याळ त्यांना दोन हजार नऊ साली कचऱ्याच्या खोलीत सापडलं. त्या वर्षी मंदीनं माणसं घरंदारं टाकून देश सोडत होती. टॉवरमधला कुणी अमेरिकन गेला, आणि त्याचं सामान बेसमेंटला येऊन पडलं. विलीभाऊंनी रीतसर सुपरवायझरला विचारलं, सही घेतली, आणि कंपनीच्या बसमधून मांडीवर आडवं धरून ते घरी आणलं. तीन फूट लांब लाकडी पेटी, वर गोल पांढरी तबकडी, खाली काचेचा दरवाजा. मी दार उघडलं आणि म्हटलं, "हे मढं कुठून आणलंत?"

माझी पर्णिका तेव्हा सहा वर्षांची. ती म्हणाली, "मम्मी, इट लुक्स लाइक अ कॉफिन."

"वहिनी, सेठ थॉमस आहे," विलीभाऊ म्हणाले. आवाज असा, की साक्षात पोपच दारात उभे आहेत.

रुपेशनं तबकडीवरचं नाव वाचलं आणि त्या दिवसापासून त्या घड्याळाला 'शेठ' म्हणायला लागला. इंटरनेटवर बघून म्हणाला, चालू झालं तर दोन हजार दिरहम कुठे जात नाहीत, म्हणजे सव्वीस हजार रुपये! पण शेठ चालू होईना. कारण त्याचं वजन हरवलं होतं. आपल्याकडे बहुतेक घड्याळांना आत स्प्रिंग असते. याला तारेला टांगलेलं एक वजन होतं. चावी दिली की ते वर जायचं आणि आठ दिवस हळूहळू खाली यायचं. तारेला हूक होता. हुकाला काही नव्हतं.

पुढचे दोन महिने विलीभाऊ बोलत सुटले. मुका माणूस बोलायला लागला की कसं होतं, तसं. मी भाकरी थापतेय आणि हे ओट्याशी उभे. सेठ थॉमस मूळचा सुतार होता. एली टेरी म्हणून एक जण होता, त्याच्याकडे याचा हात बसला. पुढे त्याचा कारखाना एवढा वाढला की तो गेल्यावर गावालाच थॉमसचं नाव दिलं. आपल्याकडे आहे तसली घड्याळं तिकडच्या रेल्वे स्टेशनांत लागायची. आणि त्याच्याही आधी, म्हणे, फेरीवाले घोड्यावरून घरोघर घड्याळाची नुसती मशीन विकत फिरायचे. "वजन नेत नसत, वहिनी. घोड्याला कशाला उगाच भार? पत्र्याचा रिकामा डबा द्यायचे. ज्यानं घड्याळ घेतलं त्यानं आपल्या अंगणातली वाळू, दगड, मोडकं लोखंड, काय असेल ते डब्यात भरायचं. घड्याळ परक्या गावचं, वजन आपल्या घरचं."

"बरं," मी म्हटलं, "बाजूला व्हा, तवा तापलाय." कानावर पडलं, डोक्यात शिरलं नाही. यावरून पुढे माझी जी फजिती व्हायची ती झालीच.

मग एका शुक्रवारी त्यांनी एसीच्या कामातून उरलेला तांब्याच्या जाड पाइपाचा तुकडा आणला. खालून बंद केला, वरून आटे पाडलेलं, फिरवायचं टोपण. आणि हॉलमध्ये बसून त्यात भंगार भरायला लागले. झिजलेले बोल्ट, शिशाचे तुकडे, टॉवरमधल्या जुन्या किल्ल्या, आम्ही आधी राहायचो त्या फ्लॅटची किल्लीसुद्धा. भरायचे, आणि माझ्या डाळीच्या वजनकाट्यावर ठेवायचे. माझ्या काट्यावर! ग्रीसच्या हातांनी! मी असा काही आवाज लावला की खालून वॉचमन नूरुद्दीन वर आला. त्याला वाटलं मारामारी झाली. अ‍ॅग्नेसनं त्याला चहा दिला, आणि मला म्हणाली, "ओरड, पण आकडा सांग."

"तीन किलो चारशे ऐंशी," मी सांगितलं. रागातही मी वजन चुकत नाही.

अ‍ॅग्नेसनं आपल्या ड्रॉवरमधून इंजेक्शनच्या जुन्या स्टीलच्या डबीचं झाकण आणलं आणि आत टाकलं. साडेतीन झाले. हॉलच्या खांबात ड्रिल मारून, पातळी लावून, घड्याळ टांगलं. विलीभाऊ डोळे मिटून उभे राहिले, पेटी केसभर डावीकडे सरकवली, पुन्हा ऐकलं. म्हणाले, "टिक आणि टॉकमध्ये सारखं अंतर पाहिजे. नाहीतर लंगडतं." आणि शेठ चालायला लागले.

पहिला महिना मला त्या आवाजानं झोप येईना. दुसऱ्या महिन्यात मी सुट्टीवर गावाला गेले, तर तिथे झोप येईना.

विलीभाऊंनी पेटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं खुणा केल्या. वजन रोज किती उतरतं ते बघून, सात खुणा, सात वार. सगळ्यात खालची शुक्रवारची. आखातात त्या काळी सुट्टी शुक्रवारी, म्हणून ख्रिश्चनांचा रविवारही शुक्रवारीच यायचा. मिस्साला निघण्यापूर्वी विलीभाऊ चावी द्यायचे, वजन वर चढायचं, आठवडा सुरू. अ‍ॅग्नेसनं तेव्हापासून कॅलेंडर बघणं सोडलं. ड्युटीवरून आली की पर्स सोफ्यावर टाकून काचेत बघायची. "अजून मंगळवारच? कंबरडं मोडलं माझं." कधी, "चला, शुक्रवार आला, सविता, ताट!" वजनाकडे बघून वार सांगणारी जगात ती एकटीच असेल.

बारा वर्षं शेठ थांबले नाहीत. थांबले ते सरकारनं सुट्टी बदलली तेव्हा. दोन हजार बावीसचा जानेवारी. शनिवार-रविवार सुट्टी झाली, शुक्रवारी अर्धा दिवस ऑफिस. सगळ्यांसारखं विलीभाऊंनीही ठरवलं, आता मिस्सा रविवारी, तर चावीही रविवारीच देऊ. एकतीस डिसेंबरच्या शुक्रवारी चावी दिलेली, आता एकदम नऊ जानेवारीच्या रविवारी. लिफ्टचं बेअरिंग ओळखणारा माणूस, पण साधा हिशेब चुकला. घड्याळ आठ दिवसांचं, आणि हे झाले नऊ.

सात तारखेच्या शुक्रवारी सकाळी अ‍ॅग्नेस मिस्साचा निळा फ्रॉक घालून सोफ्यावर बसली. तोवर ती रिटायर झाली होती. मी म्हटलं, "अगं, आता रविवारी जायचंय, विलीभाऊंनी तीनदा सांगितलं ना?" ती म्हणाली, "वजन खाली आलंय की." दुपार झाली, संध्याकाळ झाली, ही फ्रॉक बदलेना. मला राग आला, मी बोलले पण तिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वजन तळाला टेकलं आणि लंबक थांबला. आमच्या हॉलमध्ये अशी शांतता बारा वर्षांत कधी झाली नव्हती. अ‍ॅग्नेसनं विचारलं, "आज कुठला वार?" मी म्हटलं, शनिवार. पाच मिनिटांनी पुन्हा, "आज कुठला वार?" शनिवार. पुन्हा. मग ती काचेला हात लावून रडायला लागली. "सविता, आज वारच नाही."

त्याआधी फ्रिजमध्ये किल्ल्या ठेवणं, चहात मीठ, असलं चालू होतं. आम्ही हसण्यावारी नेत होतो, वय झालं म्हणत होतो. त्या संध्याकाळी मी डॉक्टरची वेळ घेतली.

डॉक्टरनं तिला विचारलं, आज वार कोणता? अ‍ॅग्नेसनं त्याच्या केबिनच्या भिंतीकडे बघितलं. चारी भिंती बघितल्या. मग विलीभाऊंकडे वळून हळूच म्हणाली, "यांच्याकडे वजन नाही." डॉक्टरला काही कळलं नाही. विलीभाऊंना कळलं. त्यांनी तिचा हात हातात घेतला तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

घरी येऊन त्यांनी चावी दिली आणि पुन्हा शुक्रवारच धरला. मी म्हटलं, "विलीभाऊ, आता सगळ्यांचा रविवार झाला ना?" सतरा वर्षांत तेवढा एकदा त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला. "सरकारनं सुट्टी बदलली वहिनी, माझ्या बायकोची नाही बदलली." दर शुक्रवारी संध्याकाळी ड्युटीवरून आल्यावर चावी, आणि मग तिला घेऊन चर्चला. लोक रविवारी जायचे, ही दोघं शुक्रवारी.

त्या घड्याळाच्या आधारानं अ‍ॅग्नेसनं पुढची तीन वर्षं बरी काढली. नावं गळाली, पर्णिकाला कधी 'बेबी' म्हणायची, कधी 'सिस्टर'. पण सोफ्यावर बसून काचेत बघायची आणि वार सांगायची. वार बरोबर असला की चेहरा शांत. मी केटरिंगच्या गडबडीत विचारायचे, "अ‍ॅग्नेस, आज काय?" "बुधवार." आणि मला खरंच तेव्हा कळायचं की बुधवार आहे.

गेल्या वर्षी विलीभाऊंची नोकरी संपली. नोकरी संपली की व्हिसा संपला, आणि त्यांच्या व्हिसावर अ‍ॅग्नेसचा. खलास. मुलगा ट्रॉय कॅनडात. तो फोनवर म्हणाला, "डॅडी, बी प्रॅक्टिकल. देअर आर गुड होम्स इन मुंबई." होम म्हणजे असल्या पेशंटना ठेवून घेतात ते. विलीभाऊ फक्त म्हणाले, "बरं."

मग मला म्हणाले, "वहिनी, वसईचं घर आम्ही बांधलं खरं, पण वर्षातून एक महिना राहिलो. अ‍ॅग्नेस तिथे पाहुणी आहे. तिचं घर हे. इथून उचलून नेल्यावर तिचं काय होईल मला माहीत नाही. पण घड्याळ लागलं की तिला वार लागेल. वार लागला की घर लागेल. नाही लागलं, तर मी एकटा तिला सांभाळू शकेन की नाही, देव जाणे. मग ट्रॉय म्हणतो तसंच करावं लागेल." एवढं मोठं बोलून ते थकले.

आता माझ्या पराक्रमाकडे येते. बॅगा भरण्यात माझा हात धरणारं आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी नाही. कुणीही गावाला निघालं की मला बोलावतात. बॅग टांगून मोजायचा हुकाचा वजनकाटा माझ्या पर्समध्येच असतो. माणशी तीस किलो म्हणजे तीस किलो, एक ग्रॅम वर नाही. घड्याळ कार्गोला द्यायला विलीभाऊ तयार नव्हते, म्हणून ते टीव्हीच्या खोक्यात, गोधडीत गुंडाळून, एका माणसाचं बॅगेज म्हणून. राहिली एक बॅग. त्यात अ‍ॅग्नेसची औषधं, तिचे डायपर, कपडे, आणि तो पाइप. काट्याला लावली तर साडेबत्तीस.

विलीभाऊ व्हिसा कॅन्सल करायला गेले होते. अ‍ॅग्नेस खुर्चीत डुलकी घेत होती. मी पाइप उचलला. एवढा जड? टोपण फिरवलं. आत गंजके बोल्ट, शिसं, किल्ल्या. मी कपाळाला हात लावला. माणूस विमानातून भंगार नेतोय! माझ्या मनात पक्कं होतं की घड्याळ लंबकावर चालतं, खालचा पाइप नुसता तोल सांभाळायला टांगतात. पंधरा वर्षं त्याच्याखाली जेवले मी, पण ते कशानं चालतं हे कधी विचारलं नाही. सगळं एका पिशवीत ओतलं आणि कचऱ्याच्या चुटमध्ये सोडलं. सहा मजले खडखड करत गेलं. रिकामा पाइप स्कॉच ब्राइटनं घासून, लखलखीत करून, फ्रॉकमध्ये गुंडाळून ठेवला. उरलेल्या वजनात डायपरचं आणखी एक पॅकेट बसलं. बॅग तीस किलो. मी स्वतःवर इतकी खूश होते की काय सांगू! विलीभाऊंना सांगायचं मात्र राहून गेलं.

एअरपोर्टवर बॅगा रुपेशनं उचलल्या, कारण विलीभाऊ अ‍ॅग्नेसची व्हीलचेअर धरून होते. अ‍ॅग्नेसनं मला विचारलं, "तू कुठल्या वॉर्डची?" मी म्हटलं, "करामा वॉर्ड." ती हसली. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

ते शनिवारी गेले. रविवारी दुपारी फोन.

"वहिनी, पाइपातला माल कुठे आहे?"

"कोणता माल? ते भंगार? टाकलं की चुटमध्ये. तीन किलो वाचवले तुमचे!"

पलीकडून, "बरं वहिनी." आणि फोन ठेवला.

त्या 'बरं'मध्ये काहीतरी होतं. मी रुपेशला विचारलं. त्यानं डोळे विस्फारले. "सविता, ते वजनच घड्याळ चालवतं. वजन खाली ओढतं म्हणून चाकं फिरतात. तू शेठचा जीवच काढून चुटमध्ये टाकलास." आणि वर म्हणतो, "अतिशहाणा त्याचा बैल रिकामा." एरवी मी त्याला सोडला नसता. पण त्या दिवशी मी ऐकून घेतलं. माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती? ज्या एका गोष्टीवर त्या माणसानं सगळी आशा ठेवली होती, ती मी बाईनं डायपरच्या पॅकेटसाठी फेकली.

धावत खाली गेले. नूरुद्दीन म्हणाला, "भाभी, गाडी सकाळीच येऊन गेली." तरी मी त्याला घेऊन कचऱ्याच्या खोलीत उभी राहून आले. रिकामी, धुतलेली.

सोमवारी देऱ्याच्या बाजारात जाऊन हार्डवेअरच्या दुकानातून गवंड्याचे तीन ओळंबे आणले. माझ्या काट्यावर मोजले, बरोबर साडेतीन किलोचा संच केला. मग बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं, मुंबईला कोणी जातंय का? चार जण जात होते. सोनं म्हटलं असतं तर नेलं असतं, बदाम, अत्तर, आयफोन, सगळं नेतात. "साडेतीन किलो लोखंड? सविता भाभी, आर यू ओके?" एकानं तर विचारलं, हे कुणाच्या डोक्यात घालायचंय? मनात म्हटलं, माझ्याच घाल बाबा.

रोज फोन करत होते. विलीभाऊ मला एका शब्दानं बोलले नाहीत, त्यानं तर जास्तच लागत होतं. मीच खोदून विचारलं तेव्हा कळलं. घड्याळ भिंतीवर टांगलेलं, मुकं. अ‍ॅग्नेस दिवसभर दारापाशी उभी, "घरी चल" म्हणते. मंगळवारी विलीभाऊ चहा टाकायला आत गेले तेवढ्यात ती पर्स घेऊन बाहेर पडली, बसस्टॉपवर सापडली. ड्युटीला उशीर झाला म्हणत होती. तिला सोडून हार्डवेअरच्या दुकानापर्यंत जाता येत नाही, आणि घरात साडेतीन किलो जड असं त्या पाइपात मावेल असं काही नाही. "ट्रॉयनं एका होमचा नंबर पाठवलाय," ते म्हणाले. "शनिवारपर्यंत बघतो." मी म्हटलं, "विलीभाऊ, मला शिव्या द्या हो. दोन शिव्या द्या, माझं पोट मोकळं होईल." ते म्हणाले, "वहिनी, जेवलात का?"

शुक्रवारी दुपारी साडेबाराला, रुपेश डबे पोहोचवून नुकताच आला होता, आणि व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर आधी भिंत दिसली. मग पेटी. मग काच. आणि मला ऐकू आलं. टिक. टॉक. सारखं अंतर, लंगडत नव्हतं. मी इतक्या जोरात किंचाळले की रुपेश आंघोळ अर्धी टाकून आला.

"कशानं? काय भरलंत?"

विलीभाऊ हसत होते. काल सकाळी मासळीवाली दारात आली. तिला विचारलं, जाळ्याला लावायचे शिशाचे मणी मिळतील का? ती दुपारी पदरात बांधून घेऊन आली. तिच्याच तराजूवर मोजलं. आणि ते मणी एकेक करून पाइपात टाकले ते अ‍ॅग्नेसनं. विलीभाऊ रोझरीची प्रार्थना म्हणत होते आणि ती प्रत्येक 'नमो मारिया'ला एक मणी आत सोडत होती. तासभर. तेवढा वेळ तिनं एकदाही "घरी चल" म्हटलं नाही.

"चावी पूर्ण नाही दिली, वहिनी. गुरुवारच्या खुणेपर्यंतच वजन चढवलं. तिचा वार चुकायला नको."

मी म्हटलं, "विलीभाऊ, माझं चुकलं हो." शेवटी बोलून टाकलं मी एकदाचं.

"चुकलं कुठे? मी तुम्हाला सांगितलं होतं ना, ते फेरीवाले घड्याळ द्यायचे, वजन द्यायचे नाहीत. ज्याचं त्यानं आपल्या घरचं भरायचं. मीच विसरलो होतो. दुबईचं वजन इथे घेऊन येत होतो." मग म्हणाले, "त्या होमला सकाळी फोन केला. म्हटलं, नको."

मग त्यांनी फोन अ‍ॅग्नेससमोर धरला. ती वेताच्या खुर्चीत, निळा फ्रॉक, केस नीट विंचरलेले. मी ओरडले, "अ‍ॅग्नेस! अगं मी!" तिनं माझ्याकडे बघितलं. ओळख नाही. एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाशी बोलावं तशी अदबीनं म्हणाली, "बसा ना. डॉक्टर येतीलच." आणि विलीभाऊंना विचारलं, "ही कोण बाई? का रडतेय?"

सतरा वर्षं, एक ओटा. विलीभाऊ घाईघाईनं फोन बाजूला घ्यायला लागले. मी म्हटलं, राहू दे, बघू दे मला तिला.

अ‍ॅग्नेसची नजर आता माझ्यावर नव्हती. ती काचेत बघत होती. पुढे वाकली, चष्मा नाकावर सारला, पाइप कुठल्या खुणेवर आलाय ते नीट बघितलं. चेहऱ्यावरचा ताण उतरला. विलीभाऊंच्या बाहीला धरून, अगदी जुन्या, घाईतल्या आवाजात म्हणाली,

"विली, शुक्रवार आला. मला उशीर होईल. सविताला सांग, माझं ताट झाकून ठेव म्हणावं."

मला नेहमीसारखं "नाही ठेवत, जा" म्हणायचं होतं, पण या वेळी नाही म्हटलं. मग फोन रुपेशच्या हातात दिला, आमटी गरम केली, भात वाढला, दोन भाकऱ्या ठेवल्या आणि वर ताट उपडं घातलं. तिकडून तिला दिसावं म्हणून फोनसमोर धरलं.

"ठेवलंय गं," मी म्हटलं. "ये सावकाश."